डोळ्यांत थेंब घातल्यावर

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून घड्याळजी डोळे मिटून बसला होता. पापण्यांआड लालसर उजेड तरंगत होता. शेजारी बसलेल्या आजी-आजोबांनाही नर्सने आत्ताच थेंब घातले होते.

“अहो, डुलकी लागली का?”

“नाही गं. एक सांगू? तुझी आई गेली, त्या दिवशी कामाचं सांगून निघालो ना, तेव्हा मी कामावर गेलोच नव्हतो.”

“मग?”

“दिवसभर स्टेशनच्या बाकावर बसलो. तुझं रडणं बघवलं नसतं मला.”

“मी कुठे रडले? तुम्ही आल्यावर रडायचं म्हणून थांबले होते.”

घड्याळजीने श्वाससुद्धा जपून घेतला.

“मग आल्यावर का नाही रडलीस?”

“तुम्ही जेवायला मागितलंत.”

“आजी-आजोबा, उघडा डोळे,” नर्स म्हणाली.

“पोरी, आम्हाला अजून एकेक थेंब घाल,” आजी डोळे मिटूनच म्हणाल्या.