तीन वाऱ्यांची मुदत

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा राहिलो आहे, आणि त्याचं उत्तर मला नीट येतं अशी माझी खात्री नाही. खोटं बोलणं पाप, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण गप्प बसणं? कुणी कळवळून काही विचारलं, आणि आपण हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसतं तोंड मिटून बसलो, तर ते कशात धरायचं?

तुम्ही म्हणाल, बुवा, गप्प बसणाऱ्यानं कुणाचं काय बिघडवलं? तेच तर बघायचंय!

एक पत्र होतं. तेर गावातल्या इसिपालित नावाच्या म्हाताऱ्या कुंभाराच्या हाती ते आलं होतं, आणि त्यानं त्याला दोन वर्षं उत्तर दिलं नव्हतं. हसू नका! तुमच्या मोबाइलवर वाचून सोडून दिलेले किती निरोप पडून आहेत, ते मी विचारलेलं नाही. अजून!

तेर म्हणजे आपलं तेरणाकाठचं तेर. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीची गोष्ट. पोथीत शोधू नका, सापडायची नाही. माणसं मी मनानं उभी केली आहेत. वाट मात्र खरी आहे. तेरहून बैलांचा तांडा निघायचा तो पैठणला, पैठणहून जुन्नरला, मग नाणेघाट उतरून कल्याणच्या बंदरात. तिथून गलबत. गलबतानं समुद्र ओलांडायचा, पुढे उंटांवरून वाळवंट, मग नाईल नदी, आणि शेवटी मिसर देशातलं अलेक्झांड्रिया! तिथून माल रोमला. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? वाऱ्याच्या! आषाढात वारा तिकडून इकडे वाहतो, मार्गशीर्षात इकडून तिकडे. ही एवढीशी गोष्ट खलाशांना कळली, आणि जगाचा इतिहास बदलला हो! आपली मलमल, आपली मिरी, आपलं हस्तिदंत त्यांच्या घरात. त्यांचं पोवळं, त्यांची काच, त्यांच्या दारूच्या घागरी आपल्या गावात. रोमच्या सभेत पोक्त माणसं कुरकुरायची म्हणे, की आमच्या बायकांच्या हौसेपायी आमचं सोनं पूर्वेला चाललं. म्हणजे नवऱ्यांची ही तक्रार दोन हजार वर्षं जुनी आहे! आयाबहिणींनो, एवढ्या खूश होऊ नका. मिरी कुणाला लागायची? नवऱ्यांनाच! आणि आपल्याकडे तेव्हा मिरची नव्हती बरं का. मिरची नाही, बटाटा नाही. वडापावाचं नावच काढू नका. तेही पुढे असेच समुद्रावरून आले.

असो. मी वाहवत जातो. पेटीवाले माझ्याकडे बघायला लागले की मला कळतं.

तर इसिपालित. सगळं गाव त्याला पालितकाका म्हणे. हात कुंभाराचे, पण जीव अक्षरांत. यवनांच्या, म्हणजे ग्रीकांच्या, घागरी यायच्या, त्या घागरींच्या कानांवर शिक्के असायचे. हा एकेक शिक्का बोटानं चाचपून अक्षरं शिकला. मग तरुणपणी तांड्याबरोबर कल्याणला जाऊन खलाशांकडून भाषा शिकला. तेरमध्ये यवनांची लिपी वाचणारा तो एकटा. पण स्वभाव असा, की चार माणसांत बोलायची वेळ आली की हा चाकामागं जाऊन बसायचा. बायको सामा, ती दोघांच्या वाटचं बोलायची. पोटी लेकरू नव्हतं. भावाची पोर रोहिणी, आईबापाविना राहिलेली, तिला या दोघांनी वाढवली.

आणि एक दिवस तिथं आला दिओन. अलेक्झांड्रियाचा यवन, पोवळं विकायला आलेला. व्यापार करी, पण अक्षर एक वाचता येत नसे. तेरच्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचा देवण्णा करून टाकला. तर हा देवण्णा परत जायला निघाला, आणि तांडा पैठणला अडकला. बैलांच्या खुरांना रोग लागला. हा कल्याणला पोचेतो वारा संपलेला, गलबतं गेलेली. आता? एसटी चुकली तर तासाभरानं दुसरी. तीही चुकली तर आपण खात्याला शिव्या देतो. इथं दुसरी गाडी एका वर्षानं! बिचारा तेरला परत आला, पालितकाकाच्या अंगणात चिखल तुडवू लागला, यवनी घाटाच्या पणत्या साच्यातून काढू लागला. वर्ष संपेतो त्याचं रोहिणीशी लग्न झालं. पुढच्या वर्षी वारा आला आणि गेला. देवण्णा जागचा हलला नाही.

फक्त एक गोष्ट त्याला खात होती. आईला तो सांगून आला होता, की पुढच्या वाऱ्यावर परत येतो. मग त्यानं काय केलं? कळवलं? छे! तो पालितकाकाला नदीवर घेऊन गेला, तेरणेचं पाणी त्याच्या ओंजळीत घातलं आणि म्हणाला, माझ्या माणसांपैकी कुणी विचारलं तर मला पाहिलंच नाही म्हणा. काकानं पाणी सोडलं. शब्द दिला.

आणि तिसऱ्या वर्षी ते पत्र आलं. कल्याणच्या एका खलाशानं तांड्याबरोबर पाठवलेलं. लव्हाळ्यासारख्या गवताचा तो मिसरी कागद, वर नाव, ‘तगर गावात आमची अक्षरं वाचणारा जो कोणी असेल, त्याला.’ तगर म्हणजे तेर. पत्र देवण्णाच्या आईचं. लिहायला येत नव्हतं तिला, बाजारातल्या लेखनिकाकडून लिहून घेतलेलं. काय होतं त्यात?

‘दिओन नावाचा माझा मुलगा तुमच्या गावाकडे गेला. तो मेला असेल तर मेला असं लिहा. जिवंत असेल तर जिवंत लिहा. मी त्याला परत बोलावत नाही. मला फक्त कळू दे. मी तीन वारे वाट बघीन. तिसऱ्या वाऱ्यावरही काही आलं नाही, तर आमच्या रिवाजाप्रमाणे त्याच्या नावाची रिकामी कबर बांधीन आणि केस कापीन.’

झालं. पालितकाकानं पत्र वाचलं, घडी घातली आणि पेटीत ठेवलं. का? तर शब्द दिला होता! मोठं धर्मसंकट! त्या कार्तिकात तांडा गेला. पहिला वारा गेला. दुसऱ्या कार्तिकात हा घरात बसून राहिला, दुसरा वारा गेला. आणि मंडळी, एक गंमत बघा. उत्तराला चार दिवस उशीर झाला की आपल्याला लाज वाटते. महिना झाला की जास्त लाज. वर्ष झालं, की आता कुठल्या तोंडानं लिहू! म्हणजे उशिरामुळे लाज आणि लाजेमुळे उशीर. बैल घाण्याला जुंपावा तसा माणूस फिरत राहतो, आणि तेल काही निघत नाही!

तिसरा कार्तिक आला. तांडा वेशीबाहेर गोळा झाला, गोण्या भरल्या, शिक्के बसले. मग एका सकाळी घुंगरं वाजली आणि तांडा हलला. पालितकाका ताटावर बसला होता, त्यानं भाकरी बाजूला सारली.

सामा म्हणाली, “तीन वर्षं बघतेय. तांडा निघाला की तुमचं पोट बिघडतं. बैल जातात गावाला आणि दुखणं तुम्हाला. काय आहे त्या पेटीत?”

मंडळी, बायकोला काही कळत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं हात वर करावा. एकही नाही! शहाणं गाव आहे.

त्यानं पेटी उघडली, पत्र वाचून दाखवलं, शब्दाची हकिकत सांगितली. सामानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “शब्द काय दिला होता?”

“की त्याच्या माणसांना त्याच्याविषयी सांगणार नाही.”

“बरं. आणि हे पत्र देवण्णाला दाखवायचं नाही, असा शब्द कुणाला दिला होता?”

काका कागदाची घडी घालू लागला.

“बोला की. कुणाला?”

मंडळी, जरा थांबा इथं. किती सोपं होतं! अंगण ओलांडायचं आणि कागद जावयाला वाचून दाखवायचा. शब्दही राहिला असता आणि आईही सुटली असती. सगळ्या गावात एकटा वाचणारा माणूस, आणि एवढंही त्याला वाचता आलं नाही?

सामा म्हणाली, “तो आईकडे जाईल आणि आपली पोर घेऊन जाईल, म्हणून भ्यालात तुम्ही. मीही भिते. पण मी माझ्या भीतीला शब्द म्हणत नाही.”

काय बोलली बघा! चार शास्त्री बसवले असते तरी एवढं नेमकं सांगते ना!

काका उठला. देवण्णा अंगणात साच्यातून पणती सोडवत होता, रोहिणी गेरू कालवत होती, आणि त्यांची सात महिन्यांची मुलगी त्याच गेरूकडे रांगत निघाली होती. काकानं उभ्या उभ्या पत्र वाचलं. यवनांच्या भाषेत. रोहिणीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. देवण्णाच्या हातातली ओली पणती वाकडी झाली. त्यानं एवढंच विचारलं, “हे कधी आलं?”

“तिसरं वर्ष आहे,” काका म्हणाला. “चूक माझी आहे.”

देवण्णा रागावला असता तर बरं, असं काकाला वाटलं. तो रागावला नाही. खाली बसला आणि मान गुडघ्यांत घातली. आधी गप्प बसलेला तोच ना! मग रोहिणीनं दोघांकडून सगळं काढून घेतलं, आणि ती उलट त्यांच्यावरच करवादली. म्हातारी तिकडे कबरीचे दगड निवडत असेल आणि तुम्ही दोघं मातीच्या बैलांसारखे बसलात! लिहा आधी!

काका चाचरत म्हणाला, “आणि तिनं ये म्हटलं तर?”

“ती बोलावत नाही असं तुम्हीच वाचलंत ना? आणि बोलावलं तर आम्ही तिघं जाऊ, भेटू आणि परत येऊ. वारा काय एकाच बाजूला वाहतो का, काका?”

मंडळी, मोठमोठे खलाशी जे शोधून काढायला शेकडो वर्षं घालवतात, ते पोरीनं चिखलात बसून सांगितलं!

आता कागद? तसला कागद तेरमध्ये कुठून आणायचा! म्हातारीच्याच पत्राची मागली बाजू कोरी होती. त्यावर लिहायचं ठरलं. देवण्णा सांगू लागला, काका लिहू लागला. ‘आई, मी जिवंत आहे. जाडा झालो आहे. गलबत चुकलं तो दोष बैलांचा. कळवलं नाही तो दोष माझा. इथं माझं घर आहे, बायको आहे, मुलगी आहे. ऑलिव्हचं तेल मिळत नाही, बाकी सगळं मिळतं. केस कापू नकोस.’

तेवढ्यात सामानं नातीचा पाय धरला, गेरूत बुडवला आणि म्हणाली, आजीला सही द्या. पोर कसली ऐकते! पहिला पाय फरपटला. दुसरा अर्धाच उठला. तिसरा मात्र पाचही बोटांसकट असा उमटला, की देवण्णा रडता रडता हसला. मग काकाला खाली एक ओळ आणखी घालावी लागली, ‘तीन पाय दिसतात म्हणून घाबरू नका, मुलीला दोनच आहेत.’

पण तांडा? तो सकाळीच गेला की! देवण्णा चपला शोधू लागला. काकानं पत्र पंच्यात गुंडाळलं आणि म्हणाला, “नाही. उशीर मी केला, चालणारही मीच.” चाकामागं बसणारा माणूस! तीस वर्षांत वेशीबाहेर न गेलेला! निघाला. सामानं भाकरी बांधून दिली आणि बजावलं, की रस्त्यात कुणी भेटलं तर वाट विचारा, लाजू नका.

तो चालतोय. चालू द्या. ओझ्याचा बैल दिवसाला चार कोस जातो, म्हातारा त्याला गाठेल. तोवर मी तुम्हाला विचारतो. इतिहासाच्या पुस्तकात लिहिलंय की त्या वाटेनं मिरी गेली, मलमल गेली, राज्यं उभी राहिली, नगरं श्रीमंत झाली. सगळं खरं. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन बघा, यवनांनी खांब दान दिल्याचं दगडावर कोरलंय. पण ती वाट चालली कशानं? कुणीतरी तिकडून बोललं आणि कुणीतरी इकडून उत्तर दिलं, म्हणून चालली! आज तुमच्या खिशात तिच्यापेक्षा मोठी वाट आहे. वाऱ्यासाठी थांबायला नको, बैलाचे खूर दुखत नाहीत. मग उत्तर का राहतं? वेळ नाही म्हणता. बरं वाटेल का, तो काय म्हणेल, आता फार उशीर झाला, असं म्हणता. ज्याला तुम्ही भीड म्हणता, मान म्हणता, शब्द म्हणता, त्याला एकदा सामाच्या तोंडून नाव देऊन बघा. ज्यानं विचारलंय तो तिकडे कबर बांधायला घेतोय हो. आणि आतलं माणूस जिवंत आहे, हे फक्त तुम्हाला माहीत आहे! मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. हे तुमच्याइतकंच मला सांगतोय. उद्या सकाळी चहाच्या आधी, एक उत्तर. एकच!

थांबा, म्हातारा पोचला.

ऊन उतरलं होतं. ओढ्याकाठी बैल पाण्याला सोडलेले. तांड्याचा नायक वेण्हुक, दांडगा माणूस, दगडावर बसून पाय चोळत होता. काकानं धाप टाकत पत्र पुढं केलं. वेण्हुक म्हणाला की गोण्यांना शिक्के बसलेत, कल्याणपर्यंत एकही उघडायची नाही, पुढच्या वर्षी या. कुणीही दुसरा असता तर ‘बरं’ म्हणून परतला असता. काकाही आयुष्यभर तसाच परतला होता. आज तो तिथंच मातीत बसला.

“पुढच्या वर्षी कबर झालेली असेल,” तो म्हणाला, आणि त्यानं अनोळखी बैलवाल्यांच्या घोळक्यात, मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी गोष्ट सांगितली. आपली चूकसुद्धा.

वेण्हुकनं कागद हातात घेतला, उलटा धरला, गेरूची ती तीन पावलं बघितली.

“ही कुणाची?”

“नातीची. पाय दोनच आहेत.”

वेण्हुक हसला. डोक्याचं मुंडासं सोडलं, पत्र मधल्या पदरात ठेवलं, पुन्हा पीळ देऊन घट्ट बांधलं आणि बैल लादायला उठला.