मी ओ दिली न्हाई

मी आहुप्याचा, गाव घाटमाथ्यावर. आमच्याकडं रेल्वे न्हाई. मालगाडी पहिल्यांदा बघितली ती बावीस वर्षांचा झाल्यावर, आणि बघितली त्याच दिवशी तिच्यात चढलो, काय सांगू तुम्हाला. मी आणि सोमा, माझा शेजारी, चाकणला कंपनीत हेल्पर व्हतो. लॉकडाऊनमधी कंपनी बंद पडली ती पडलीच. गावी बसून बसून कंटाळलो, मग कोणी म्हणालं नागपूरकडं गोदामांत माणसं घेतात, तर घाट उतरून कल्याणपर्यंत चालत गेलो. तिथं रिकामी मालगाडी उभी, वरून उघडे डबे. घाईत जो हाताला लागला त्यात चढलो, त्यो पुढं, मी चार डबे मागं.

आता हे सांगायला पायजे. आमच्या डोंगरात पावसाळ्यात असं धुकं असतं की हातातली काठी दिसत न्हाई. गुरं राखताना एकानं कुकारा घालायचा, दुसऱ्यानं ओ द्यायची. ओ आली न्हाई तर गुरं तशीच सोडून शोधायला निघायचं. हे कोणी शिकवत न्हाई.

गाडी थांबली की सोमा कुकारा घालायचा, मी ओ द्यायचो. एकदा मी म्हणालो, माघारी फिरू. त्यो वरडला, जा की, तुझी म्हातारी दूध तापवून बसली असंल. मला लई लागलं ते.

पुढं दुपारी गाडी परत थांबली. त्यानं कुकारा घातला. मी गप. परत घातला. मी गप. मग म्हणाला, राम्या, ओ दे की रं.

न्हाई दिली. रागात व्हतो.

त्यो मला शोधायला खाली उतरला, आणि शेजारच्या रुळावरनं दुसरी गाडी आली.

गावात मी सांगितलं, पाण्याला उतरला व्हता. पोरगं तहानेलं गेलं म्हणून त्याच्या आईनं वाटेवर रांजण ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी. खालच्या झऱ्यावरनं डोक्यावर आणायची, तीन वर्षं, रोज. मला बघवंना. औंदा भात लावताना चिखलात उभं राहून तिला खरं सांगितलं. तिनं हातातली रोपांची मूठ लावून संपवली, मग बांधावर जाऊन बसली. मी म्हणालो, काकू, रांजण काढू का. ती म्हणाली, ऱ्हाऊ दे, लोकांना तहान लागतीच की.

त्यानंतर माझ्याशी बोलली न्हाई. पाणी आता मी भरतो. ती दारातनं बघती, नको म्हणत न्हाई. तेवढं पुरं हाय. तिला उदंड आयुष्य मिळो.