बोडक्या डोक्यावरचा गुलाल

…आणि वर मलाच म्हणत्यात, सयाजीराव, तुम्ही फुटला! मी? मी फुटलो? चार वर्सं उन्हातान्हात बोडक्या डोक्यानं कोर्टाच्या तारखा केल्या त्यो मी, आणि घरात बसून मिशीला पीळ देणारं हे लई इमानदार! असू द्या. बसा पावणं, तुम्हाला सांगतो… पर आधी एक बोलून घेतो, देव भलं करो त्या गणपतरावाचं. गणपतराव कोण म्हणता? माझा विरोधक की वो! त्याच्यासंगंच तर चार वर्सं केस चालली.

सत्त्याण्णव सालची ग्रामपंचायत. वॉर्ड तीन. माझं चिन्ह विमान, त्याचं कपबशी. आता आमच्या गावात विमान जवळनं कुणी बघितलंय? पर ईर्षा अशी की विचारू नका. कपबशीवाल्यांच्या घरचा चहा आम्ही सोडला. तेवढ्यानं भागंना, तर आमच्या गटाच्या ज्ञानूनं फर्मान काढलं, विमानवाल्यांनी घरातबी कपबशीतनं चहा प्यायचा न्हाय, पेल्यातनं प्यायचा! महिनाभर ओठ भाजलं आमचं. बायका शिव्या घालायच्या, पर कपबशी फळीवरनं खाली आली न्हाय.

मोजणी तालुक्याला, गारगोटीला. मला दोनशे तेरा, गणपतरावाला दोनशे बारा. एका मतानं निवडून आलो! आता आमच्याकडं काय हाय, साहेबांनी सांगितलं म्हणून निकाल लागत न्हाय, गुलाल पडला की लागतो. ज्ञानू आमचा मोजणीचा प्रतिनिधी, टेबलाला चिकटून बसलेला. त्यानं खिशातनं पुडी काढली आणि उधळली की तिथंच! साहेबाचा चष्मा गुलाबी. साहेब वरडतंय, ज्ञानू नाचतोय, आणि तेवढ्यात गणपतरावानं अर्ज दिला, मतं परत मोजा. दिला तर दिला, त्याचा हक्कच हाय.

परत मोजणी सुरू झाली. दोन कागदांवर शिक्का जरा फिकट उठलेला, साहेबानं डोळं बारीक केलं. झालं, ज्ञानूला धीर निघंना. “अवो साहेब, ह्यो काय शिक्का, विमानावर!” म्हणत त्यानं दोन्ही मतांवर अंगठा टेकवला. गुलालानं भरलेला अंगठा वो! साहेब म्हणालं, मतपत्रिकेवर खूण आली, दोन्ही बाद. दोनशे तेराचं दोनशे अकरा झालं आणि एका मतानं मी पडलो. आमच्याच गुलालानं आमास्नी पाडलं, आता बोंबलायचं कुणाच्या नावानं?

संध्याकाळी चावडीपुढं सगळा गट गोळा, मला समदी आबाच म्हणत्यात. आबा, कोर्टात जायाचं! आबा, आम्ही हाय की! आबा, जीव गेला तरी माघार न्हाय! जीव कुणाचा जाणार ते कुणी बोललं न्हाय. आणि त्या भरात मी उठलो आणि शपथ घेतली… निकालाचा गुलाल अंगावर पडल्याशिवाय डोक्याला फेटा बांधणार न्हाय! काय टाळ्या पडल्या म्हणता. घरी आलो तर बयाबाई, आमची मंडळी, चुलीपुढनं न बघताच म्हणाली, “आणि संयोगिताचं लग्न निघालं तर? लेकीच्या मांडवात बाप बोडका उभा ऱ्हाणार व्हय?” मी म्हणलं, येडी का काय, केस म्हणजे दोन महिन्यांचं काम.

पहिल्या तारखेला दोन जीपा भरून माणसं. दुसरीला एक जीप. तिसरीला ज्ञानूची मोटारसायकल, तीबी वाटंत बंद पडली. चौथ्या तारखेला मी एकटा, एस्टीनं. गारगोटीच्या स्टँडवर परतीची गाडी लागली तर ही गर्दी. खिडकीतनं टॉवेल टाकला, जागा धरली, दमून आत चढतो तर त्याच शिटावर दुसरा टॉवेल. कुणाचा? गणपतरावाचा! तोबी एकटाच, त्याच्याबी जीपा आटलेल्या. आता टॉवेल आधी कुणाचा पडला? मी म्हणतोय माझा, तो म्हणतोय माझा, कंडक्टर म्हणाला, ह्याची फेरमोजणी आणि कोण करणार, सरका की दोघं! सरकलो. अर्धा तास दोघं दोन दिशेला बघत बसलो. मग त्यानं फडकं सोडलं, भाकरी आणि खर्डा. खर्ड्याच्या वासापुढं गटबाजी टिकत न्हाय, तुम्हाला सांगतो. तवापासनं देव भलं करो त्या गणपतरावाचं, एका तारखेला भाकरी त्याची, एका तारखेला माझी.

पर गावात कळायला नको! म्हणून मी आधीच्या फाट्यावर उतरायचो आणि मैलभर चालत यायचो, तो गावात उतरायचा. पुढच्या तारखेला तो चालायचा. जुलैत एकदा स्टँडवर पाऊस असा कोसळला, डोक्याला काय न्हाय, मी कुडकुडतोय, तर ह्यानं आपला टॉवेल माझ्या टकुऱ्यावर टाकला. म्हणाला, टॉवेलाला फेट्यात धरत न्हाईत. आणि पुढच्या तारखेला त्याचाच वकील कोर्टात माझ्या नावानं खडं फोडत हुता.

असं करत दोन हजार एक साल उजाडलं आणि बयाबाई म्हणाली तेच झालं. संयोगिताचं लग्न ठरलं, आणि निकालाची तारीख लग्नाच्या आठ दिवस आधी. ट्रंकेतला माझा फेटा काढून, धुऊन, कडक खळ करून ठेवला लेकीनं. मला खुर्ची नको हुती वो आता, मला फक्त एक मूठभर गुलाल पायजे हुता.

जजसाहेबांनी दोन्ही कागद उजेडात धरलं. एकावर अंगठा कडंला हाय, शिक्का दिसतोय, ते मत धरलं. दुसऱ्यावर ज्ञानूनं अंगठा बरोबर शिक्क्यावरच दाबलेला, ते गेलं. म्हणजे मी दोनशे बारा आणि गणपतराव दोनशे बारा. समसमान! मग कायद्याप्रमाणं चिठ्ठ्या टाकल्या, कारकुनानं डब्यात हात घातला आणि चिठ्ठी निघाली गणपतरावाची.

बाहेर आलो. त्याच्या माणसांच्या जीपा आज बरोबर आल्या हुत्या, गुलालाचं पोतं घेऊन. मी खाली मान घालून स्टँडकडं निघालो, डोळ्यापुढं तो खळ केलेला फेटा. तर मागनं पळत आला गणपतराव. ओंजळभर गुलाल, आणि ओतला की माझ्या बोडक्या डोक्यावर!

“सयाजी, हा निकालाचा गुलाल हाय का न्हाय?”

“हाय,” मी म्हणलं.

“तुझ्या अंगावर पडला का न्हाय?”

“पडला.”

“मग शपथ फिटली. कुणाच्या निकालाचा, ते तू चावडीवर बोलला न्हवतास.” आणि स्वतःचा फेटा सोडून त्यानं भर रस्त्यात माझ्या डोक्याला बांधला. मी रडलो, पावणं. चारचौघात, कोर्टाच्या फाटकात, पोरीगत रडलो. देव भलं करो त्या गणपतरावाचं.

घरी लेकीनं बघितलं आणि तिला वाटलं, आबा जिंकलं. मी म्हणलं, व्हय बाई, जिंकलो. लग्नात तिनं धुतलेला फेटा बांधून ताठ उभा ऱ्हायलो. गणपतरावाला मानानं बोलवला, शेजारी बसवला, आणि बयाबाईनं फळीवरची कपबशी काढून दोघांना चहा दिला. चार वर्सांनी बशीत वतून, फुंकर मारून प्यालो. काय सुख म्हणता!

तिथंच घोटाळा झाला. सगळ्या मांडवानं बघितलं, विमान कपबशीतनं चहा पितंय! ज्ञानू ताटावरनं उठला. आणि आता त्यानं वरच्या कोर्टात अर्ज टाकलाय… म्हणं, गणपतरावानं आणि मी संगनमत केलं, निवडणूक रद्द करा. आरोप दोघांवर, वकील दोघांचा एकच. पंधरा तारीख पडलीया, आणि गारगोटी न्हाय, थेट कोल्हापूर, लांबचा पल्ला.

चालायचंच. गणपतराव कालच म्हणाला, “भाकरी तुझी, टॉवेल मी टाकतो.”