पेट्रोलची करवत आणि पायात चप्पल

...आणि पायात काय, तर चप्पल! अहो, हातात पेट्रोलवर चालणारी झाडं कापायची करवत, साखळी अशी गरगरतेय की दातसुद्धा दिसत नाहीत, आणि या गृहस्थाच्या पायात न्हाणीघरातली चप्पल, अंगठा बाहेर. तुम्हाला सांगतो, धडकीच भरली मला. हा गृहस्थ म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ, आमच्या घरात देवाच्या खालोखाल... खालोखाल तरी कशाला म्हणू! फाटकावर झाड आडवं झालं, गाडी आत अडकली, मी म्हटलं, झाडं कापणाऱ्याला बोलावू, तर बायको म्हणते, "कशाला? दादा आहे ना." दादा आलाच, नवीकोरी करवत घेऊन. आणि तिच्याबरोबरची सूचनांची पुस्तिका? ती त्याने करवतीखाली अंथरली, फरशीवर तेल गळू नये म्हणून! मी ती उचलली, पुसली, बसून वाचली. या घरात पुस्तिका फक्त मी वाचली होती, एवढं लक्षात ठेवा.

त्यात लिहिलंय, करवत जमिनीवर ठेवा, पायाने दाबून धरा, मग दोरी ओढा. दादाने ती एका हातात लोंबकळत धरली आणि दुसऱ्याने दिला हिसका. चष्मा लावा म्हटलं, तर म्हणतो, "भावोजी, मला लांबचं स्वच्छ दिसतं." कान झाका म्हटलं, तर आईची हाक कशी ऐकू येणार म्हणे. आई म्हणजे माझ्या सासूबाई, खुर्ची टाकून बसलेल्या, आणि खुर्ची कुठे, तर फांदी पडणार बरोब्बर तिथे! करवत खांद्याच्या वर नेऊ नका म्हटलं, तर त्या खुर्चीतूनच, "जावईबापू, करू द्या हो त्याला काम, लहानपणापासून हात चांगला आहे त्याचा." अहो, मलाही हाताचीच काळजी होती, चांगला आहे तर जागेवर राहावा!

पण कळस पुढेच आहे. पुढच्या मुठीसमोर एक आडवं गार्ड असतं. करवतीचं टोक लाकडात अडकलं की ती उसळते, थेट तोंडावर येते, तेव्हा हे गार्ड मनगटावर आपटतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. जीव वाचवणारी एवढीच काय ती वस्तू, आणि दादाने ती तारेने मागे बांधून टाकलेली! का? तर मधे मधे येते म्हणे. अरे, मधे यायलाच ठेवलीय ना ती! पण पालथ्या घड्यावर पाणी. सगळे चहाला आत गेले, तशी मी पक्कड घेतली, तार कापली, खिशात घातली आणि साळसूदासारखा उभा राहिलो. पुस्तिका मी वाचली होती ना...

दादा चहा पिऊन आला, करवत सुरू केली, टोक घातलं फांदीच्या बेचक्यात, आणि उसळली की हो! गार्ड मनगटावर, साखळी बंद, नाकापासून... ही एवढी, बोटभर! कसाही असला तरी बायकोचा एकुलता एक भाऊ, मला तो नाकासकट हवा होता हो. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. तर सासूबाई म्हणाल्या, "बघितलंत? कशी आवरली!" दादा करवत उलटीपालटी करून म्हणतो, "मशीन बिघडलंय, मधेच थांबतं. इथली तार कुठे गेली?" आणि बायको माझ्याकडे वळून, "अहो, तुम्ही हात लावलात का? ज्यातलं कळत नाही त्याला हात लावू नये."

ज्यातलं कळत नाही! पुस्तिका वाचलेल्या माणसाला! वर तार शोधायलाही मलाच पाठवलंय. कपाट बघून झालं, माळा झाला, गाडीखाली वाकून झालं. झाड तिथेच आहे, फाटक बंदच आहे, दादा खुर्चीत बसून चप्पल हलवतोय. शोधतोय मी... शोधत राहणार. तार काही सापडत नाही बघा, खिसा तेवढा बोचतोय.