चिमटा लागला

...आणि वर मलाच विचारतात, "चिमटाच लागला ना? मग एवढं काय?" एवढं काय! हा हात बघा. मागच्या रांगेत दिसतोय का? थांबा, वर करतो. हा अंगठा, ही करंगळी. मधली तीन कुठायत? शोधू नका, मीही शोधली नाहीत. आता तुम्हीच सांगा, चिमट्यानं अशी बोटं जातात का कुणाची? नाही ना? बघा, म्हणजे तुम्हीपण कंपनीच्याच बाजूचे!

थोडक्यात सांगतो. म्हणजे खरं तर मला थोडक्यात सांगता येतच नाही, आमची आई म्हणायची, याला किती वाजले विचारावं तर हा घड्याळ कुणी आणलं तिथपासून सुरू करतो, आणि बायको लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली, "अहो, मुद्द्यावर या," ती अजून वाट बघतेय. आयुष्यात एकदाच, एकदाच हो, मी थोडक्यात बोललो, आणि तिथेच माझा घात झाला.

तर मी तेलविहिरीवर कामाला. जमिनीत भोक पाडायचं, त्यात पाइप सोडायचा, त्याला दुसरा जोडायचा, त्याला तिसरा, असं करत करत इतकं खोल जायचं की खाली काय आहे ते साहेबालाही माहीत नसतं, फक्त तो तसं दाखवत नाही. तिथल्या एकेका यंत्राचं नाव एवढं लांबलचक की पूर्ण उच्चारेपर्यंत ते अंगावर पडेल. म्हणून आम्ही आमची नावं ठेवलेली. उंच मचाणावर उभा राहून पाइप धरतो तो माकड. दुमजली घराएवढा, दिवसभर मान खालीवर करत तेल उपसणारा पंप, तो घोडा. आणि साखळीला टांगलेला, पाइप पकडून पिळणारा, माझ्याहून लांब, माझ्या चौपट वजनाचा लोखंडी जबडा... तो चिमटा! का? पकडतो म्हणून. आमच्या टोळीचा मुख्य, त्याला आम्ही उस्ताद म्हणतो, तो ओरडणार, "चिमटा लाव!" की आम्ही लावला. "चिमटा काढ!" की काढला. दिवसभर आम्ही धडधाकट माणसं नुसते चिमटे काढत असतो, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आता हा चिमटा भिरभिरू नये म्हणून त्याला मागून तारेचा एक दोर धरून ठेवतो. तो दोर उसवलेला. मी तीनदा सांगितलं. कुणाला? हेल्मेटसाहेबांना! हे आमचे सुरक्षेचे साहेब, जेवतानासुद्धा हेल्मेट काढत नाहीत, डोकं इतकं जपतात इतकं जपतात की अजून वापरायलाही काढलेलं नाही. "साहेब, दोर गेलाय." "बघू." "साहेब, दोर..." "बघू म्हटलं ना!" मग एका सकाळी दोर तुटला आणि तो साहेबांनी बघितला. चिमटा गर्रकन फिरला, माझा हात खांबावर होता, आणि चिमटाही खांबावरच आला. तो आवाज मी सांगत नाही. बाकी सगळं सांगतो.

दुसऱ्या दिवशी साहेब दवाखान्यात हजर! डोक्यावर हेल्मेट, हातात फॉर्म. "अरे, एवढं भरून दे बरं. 'अपघाताचे वर्णन, थोडक्यात'." जागा किती? दीड ओळ! उजवा हात बँडेजच्या गाठोड्यात, डाव्या हातात पेन, औषधानं छत गरगरतंय... तरी मी जिद्दीनं सुरू केलं, "दोर उसवला असल्याचे मी तीन वेळा..." "अरे थोडक्यात! थोडक्यात!" मग काय, खोडलं आणि लिहिलं. तीनच शब्द. 'हाताला चिमटा लागला.' खाली सही. साहेबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! म्हणाले, "शाब्बास! असं मुद्देसूद लिहावं माणसानं." जन्मात पहिल्यांदा मला कुणी मुद्देसूद म्हटलं हो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं!

तो फॉर्म गेला मुख्य कचेरीत. तिथे पाचव्या मजल्यावर गार हवेत जे लोक बसतात, त्यांनी तेल फक्त डोक्याला लावलेलं. तिथून पत्र आलं. पाठ आहे मला. "आपणांस चिमटा लागल्याचे वाचून वाईट वाटले. तथापि चिमटा ही स्वयंपाकघरातील वस्तू असल्याने सदर अपघात घरगुती स्वरूपाचा ठरतो व कंपनीची कोणतीही जबाबदारी उद्भवत नाही. यापुढे गरम भांडी उतरवताना काळजी घ्यावी." गरम भांडी! अहो, मी कुणाचं काय घोडं मारलं होतं?

आता जरा हसू नका. घरगुती म्हटलं की दुसरं ऑपरेशन नाही, आणि उरलेल्या दोन बोटांत पकड यायची तर ते करायलाच हवं होतं. घरगुती म्हटलं की रजा बिनपगारी, आणि तीन महिन्यांत कामावर उभा राहिलो नाही की नाव कमी. हाताला लागलेला चिमटा एक वेळ सोसला, आता तो पोटाला बसणार होता. शर्टाची बटणं मला लावता यायची नाहीत. सकाळी ही लावायची, वरून खाली, आणि मी छताकडे बघत उभा. लाज वाटायची मला, खोटं कशाला बोलू.

पण ही चिडली ती कशावर? बोटांवर नाही, पगारावर नाही! "घरगुती चिमटा? म्हणजे माझा? नवऱ्याची तीन बोटं माझ्या चिमट्यानं गेली, असं लोकांना वाटणार? वीस वर्षांत या घरात मी कुणाला चटका बसू दिला नाही!" तिनं स्वयंपाकघरातला चिमटा पिशवीत टाकला, एका हातात पिशवी धरली, दुसऱ्या हातात मला धरलं, आणि थेट वकीलबाईंकडे.

वकीलबाई म्हणजे कामगार संघटनेच्या कचेरीमागच्या खोलीत बसतात, जखमी कामगारांच्या केसेस फुकट लढतात, आणि टेबलावर फायलींचे असे ढीग की आवाज येतो पण बाई दिसत नाहीत. ढिगामागून आवाज आला, "काय झालं?" मी म्हटलं, "बाई, थोडक्यात सांगतो..." "नको!" बाई उठूनच उभ्या राहिल्या. "थोडक्यात सांगितलंत म्हणूनच इथे आलात. सगळं सांगा." अहो, सगळं सांगा! मला! मी दीड तास बोललो. ही बसल्या बसल्या दोन डुलक्या काढून उठली. बाईंनी सगळं उतरवून घेतलं, उसवलेला दोर, तीनदा सांगितलं, तिन्ही वेळचं 'बघू'. फक्त घड्याळ कुणी आणलं तेवढं खोडलं.

मग कामगार कोर्ट. दुसऱ्या मजल्यावर. कंपनीचा वकील म्हणजे काय सांगू, असा गुळगुळीत टाय की त्यावर माशी घसरावी. उठला, बॅगेत हात घातला आणि काढला काय? चिमटा! नवा कोरा, चकचकीत, किमतीची चिठ्ठी लटकतेय. "साहेब, हा चिमटा. यानं माणसाची बोटं तुटतील का?" जजसाहेब वयस्कर, भला माणूस. त्यांनी चिमटा हातात घेतला, उघडला, मिटला, स्वतःच्या बोटाला लावून पाहिला. म्हणाले, "लागतो थोडा." सगळं कोर्ट हसलं! मी हसलो नाही. मी खाली बघत होतो. आणि मागून ही ताडकन उभी, पिशवी उंच धरून, "साहेब, तो चिमटा आमचा नाहीच! आमचा हा! आणि यानं पण काही झालेलं नाही!" "बाई, तुम्ही खाली बसा." "बसते, पण लिहून घ्या!"

वकीलबाई शांत. म्हणाल्या, "साहेब, माझी एकच विनंती. विहिरीवरचा चिमटा कोर्टात हजर करावा." टायवाला खो खो हसला. त्यानंही कुठे पाहिला होता! म्हणाला, "खुशाल! पुढच्या तारखेला खिशात घालून आणतो." जजसाहेबांनी हुकूम लिहिला. झालं!

पुढची तारीख. सकाळी कोर्टाच्या अंगणात ट्रक. ट्रकवर क्रेन, क्रेनला साखळी, साखळीला आमचा चिमटा, आणि बरोबर साक्षीला उस्ताद आणि अख्खी टोळी. शिपाई धावत आला, "वर न्यायचा नाही! फरशी फुटेल!" मग जजसाहेबच जिना उतरून खाली आले, मागे कारकून, मागे पक्षकार, घटस्फोटाला आलेलं एक जोडपं भांडण थांबवून खिडकीत. वकीलबाई टायवाल्याला म्हणाल्या, "खिशातून आणणार होतात ना? जरा उतरवून देता?" त्यालाही चेव आला. पुढे झाला, दोन्ही हात लावले, ढकलला. चिमटा हलला... म्हणजे नुसता झुलला हो, जरासा... गेला आणि परत आला, जबडा झाला बंद आणि टाय आत! "चिमटा काढ!" उस्ताद ओरडला. आम्ही धावलो, मीसुद्धा, दोन बोटांनी! सवय हो, दुसरं काय! जबडा उघडला. टाय अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि टायवाला पांढराफटक. मी खरंच काळजीनं विचारलं, "साहेब, लागला का?" घाम पुसत म्हणाला, "नाही. थोडक्यात वाचलो."

मी म्हटलं, "नशीबवान आहात. मी थोडक्यातच गेलो."

अंगणात कुणी हसलं नाही तेव्हा. जजसाहेब जवळ आले. त्या जबड्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. "हात कुठे होता तुमचा?" मी खांबावर हात ठेवावा तसा ट्रकच्या कडेवर ठेवून दाखवला आणि म्हटलं, "इथे." पुढे बोलायला गेलो तर शब्दच फुटेना. मला! ही माझ्या मागे येऊन उभी राहिली. जजसाहेब म्हणाले, "मग हे सगळं फॉर्ममध्ये का नाही लिहिलंत?" मी म्हटलं, "दीडच ओळ होती साहेब."

निकाल लागला. अपघात कामावरचा, दोर न बदलण्याची चूक कंपनीची, ऑपरेशन कंपनीनं करायचं, पगार चालू आणि झेपेल असं हलकं काम द्यायचं. झालं ऑपरेशन. आता शर्टाची खालची बटणं माझी मी लावतो. वरची दोन मुद्दाम येत नाहीत मला. हिलाही कळलंय ते, तरी ती रोज लावते.

आणि हलकं काम कुठलं दिलं? हेल्मेटसाहेबांच्या कचेरीत, अपघाताचे फॉर्म भरून घ्यायचे! म्हटलं, वा! एकेकाला समोर बसवतो आणि सांगतो, "बाबा रे, थोडक्यात लिहायचं नाही! मागची बाजू वापर, पुरवणी जोड, घड्याळ कुणी आणलं तेपण लिही!" छान चाललं होतं.

मागच्या आठवड्यात मी दोनच दिवस रजेवर. परत आलो तर टोळीतला एक गडी दवाखान्यात, पाय मोडून पलंगाला टांगलेला. म्हटलं, "फॉर्म?" म्हणाला, "काळजी करू नको, हेल्मेटसाहेब स्वतः येऊन भरून घेऊन गेले. शाब्बास म्हणाले मला." म्हटलं, "काय लिहिलंस?" तीनच शब्द! 'घोड्याने लाथ मारली.'

काल मुख्य कचेरीचं पत्र आलं, कंपनीनं कोणताही प्राणी पाळलेला नाही. मी लगेच वकीलबाईंना फोन लावला, पत्र वाचून दाखवलं. पलीकडे फायली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "भाऊ, एक काम करा. जरा कोर्टाच्या फाटकाची रुंदी मोजून आणा."