वाढत्या अंगाची

पंक्चर निघेपर्यंत मी सायकलच्या दुकानात बाकावर बसलो होतो. काउंटरपाशी पिकल्या केसांचे एक गृहस्थ दुकानवाल्या बाईंशी बोलत होते.

“रेसिंगची दाखवा, मुलीसाठी. एक माप मोठीच द्या. वाढतं अंग आहे.”

“काका, हा काय फ्रॉक आहे? फ्रेम मोठी झाली तर हात ताणून ताणून मान धरते. उंची किती तिची?”

“माझ्या खांद्याला लागते.”

“कधी मोजलीत?”

“तशी मोजली नाही. ती आईकडे असते.”

“वय?”

“एकोणीस संपलं.”

“मग आता कुठली वाढतेय? तिलाच घेऊन या ना.”

“ती येणारी असती तर मी असा अंदाजाने कशाला बोललो असतो? हा फोटो बघा. यावरून सांगता येईल?”

“ही तर सायकलवर टांग टाकून उभी आहे की!”

“मैत्रिणीची असेल, मागून आणलेली. म्हणून तर म्हटलं, पोरीला स्वतःची हवी.”

“काका...”

“काय झालं?”

“दोन्ही पाय जमिनीला टेकलेत, तरी दांड्याच्या वर दोन बोटं जागा आहे. सीटसुद्धा बरोबर कमरेला आलीय. मागून आणलेली सायकल अशी बसत नाही. तिला उभं करून कुणीतरी नीट माप घेतलंय.”

“बरोबर घेतलंय?”

“अगदी बरोबर.”

“असं होय... मग एक घंटी द्या. घंटीला माप लागत नाही ना?”