मधे थांबणारं जहाज

तुमच्यापाशी म्हणून सांगते, आमच्या यांनी लग्नापासून एकच गोष्ट मला विचारली. प्रवासी जहाजावर स्वयंपाक्याचं काम मिळालं, तेव्हा गावी पोखर्णीला येऊन म्हणाले, "दोन जहाजं हायत. दोनी इंग्लंडातून अमेरिकेला जायलेत. एक थेट, आठ दिवस नुसतं पाणी. दुसरं बेटाबेटाला थांबतंय. कोणतं घेऊ?"

तान्ही लेक मांडीवर होती. मी म्हणाले, "थांबणारं घ्या. एसटीसारखं मधेच उतरून माघारी तर येता येईल."

ते लय हसले. मग म्हणाले, "थेटवाल्यावर सही करून आलोय."

"मंग मला कशाला इचारलं?"

"उद्या काई झालं, तर न इचारता गेले म्हणशील."

काय होईल, हे मात्र मला विचारवलं नाही.